दोन बोटं उजवीकडे

“आत्याबाई, माग पळून राहिला,” हर्षला म्हणाली.

मी ओसरीवर सुताचा गुंता सोडवत बसले होते. मान वर न करता म्हटलं, “चाळीस वर्षं खड्ड्यात गाडलेला माग. तू आली तवाच त्याले पाय फुटले?”

“मस्करी नाही करत. या ना, पाहा.”

मी काही लगेच उठले नाही. सुनेनं हाक मारावी आणि सासूनं धावावं, असा दिवस सोनकुसऱ्यांच्या घरी अजून उगवायचा होता. गुंता सोडवला, कांडी भरून झाली, पदर झटकला आणि मग गेले.

मागाच्या खोलीत तिनं कणकेच्या डब्यावर लॅपटॉप मांडला होता. कोपऱ्यात, दाराशी, तीन पायांच्या घोडीवर तिचा कॅमेरा. दर चार मिनिटांनी तो आपला आपण एक फोटो काढायचा, सकाळी आठपासून ऊन उतरेपर्यंत. सारे फोटो एकामागं एक पळवले की दिवसभराचं काम पाच-सहा सेकंदांत डोळ्यांपुढून जायचं. पडद्यावर माझा हेमराज नाकतोड्यासारखा टुणटुण हलत होता आणि त्याच्या पुढ्यात कोशाच्या रेशमाचं लुगडं वितीवितीनं वाढत होतं. इथवर झ्याक. पण खोली जागेवर राहत नव्हती. भिंत थरथरायची, खांब नाचायचा, आणि मधेच सारं घर हिसका खाऊन बाजूला सरकायचं.

“बैलबंडीत बसून काढले का फोटो?” मी म्हटलं.

हेमराज मागावरून हसला. बायकोनं डोळे वटारले तसा गप्प झाला.

“सहा दिवस वाया,” ती पुटपुटली. “सहा दिवसांचं विणलेलं उसवून पुन्हा थोडी विणता येते.”

“पैज आठवते ना?” मी विचारलं.

“आठवते जी.”

या साऱ्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली असतील. हर्षला तुमसरची. तिच्या बापाचा फोटो स्टुडिओ होता, त्याच्या हाताखाली शिकलेली. लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा सोबत कपाट नाही, शिवणयंत्र नाही, एक काळी पेटी आणि तिच्यात हा कॅमेरा. मी तिला चरखा दाखवला. ती शिकली, नाही असं नाही, पण कांडी भरता भरता तिचा डोळा खिडकीतल्या उजेडावर. नागपूरला हातमागाच्या कापडांचं एक प्रदर्शन भरणार होतं. तिथल्या लोकांनी तिला सांगितलं, एक करवती लुगडं रिकाम्या मागापासून कापून उतरवेपर्यंत दोन मिनिटांत दाखव. आवडलं तर आणखी चार गावांतल्या कारागिरांचं असंच काम देऊ.

त्या दिवशी माझी नणंद बेबी घरी आलेली. नणंदेसमोर मला फार जोर चढतो, तो माझा जुना रोग आहे. मी म्हटलं, “हा सिनेमा धड झाला तं तुहा कॅमेरा तुहा. गावोगाव फीर, मी तोंड उघडणार नाई. नाई झाला तं कॅमेरा पेटीत, पेटी माळ्यावर, अन् तू चरख्यावर. कबूल?”

बेबीनं टाळी मारली. “आता बोल वो पोरी!”

“कबूल,” हर्षला म्हणाली. तिचा आवाज जरा बसला होता, पण नजर खाली नाही गेली. तेव्हाच मला वाटलं, पोरगी कुळाची आहे. बोलले नाही. बोलायची सवय नव्हती.

पैज लागल्यावर ती मागाची खोली ठाकठीक करायला लागली. आमच्या खोलीत दोन माग शेजारी शेजारी. एक हेमराजचा, चालता. दुसरा आमच्या बुढ्यांचा, हेमराजच्या बापाचा, दसारामजींचा, रिकामा. दोन वर्षांआधी त्यांच्या हातांत कंप शिरला. करवती काठाला तीन धोटे एकमेकांत अडकवत न्यावे लागतात, करवतीचे दात धाग्याधाग्यानं पाडावे लागतात. थरथरत्या हाताचं ते काम नव्हे. एके दिवशी बुढ्यांनी आपल्या हातानं मागावरचा ताणा कापला आणि पुन्हा चढवला नाही. कोणी विचारलं तर सांगायचे, “नवी फणी यायची आहे.” फणी काही आली नाही. आम्हीही विचारलं नाही.

हर्षलानं कॅमेऱ्यातून पाहिलं आणि सहज म्हणाली, “हा बाजूचा माग चौकटीत येऊन राहिला. दोऱ्या लोंबतात, धूळ दिसते. यावर एखादी चादर टाकू का?”

मी तिच्यावर अशी काही कडाडले की बेबीसुद्धा दचकली. आमच्या घरात मागावर चादर एकदाच पडते, विणणारा माणूस गेला की. तेरा दिवस. माझ्या सासऱ्याच्या मागावर पडली तेव्हा मी ती माझ्या हातानं टाकली होती. “मामाजी जित्ते हायेत तुहे!” मी म्हटलं. “तिथी बसून आहेत, दिसत नाई?”

बुढे उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होते.

पोरीचा चेहरा उतरला. तिनं कान पकडले. “माहीत नव्हतं जी. चुकलं.” मग पुन्हा कॅमेऱ्यात डोकावली आणि आमची समजूत काढायला म्हणाली, “राहू द्या, बरंच आहे. बाजूचा रिकामा आहे म्हणूनच चालता माग कसा उठून दिसते!”

बुढ्यांनी तंबाखू न खाताच झटकून टाकली आणि बाहेर गेले. मी तेव्हा त्याचा काही अर्थ लावला नाही.

तर सहाव्या दिवशी माग पळायला लागला, आणि हर्षलानं त्याचा पिच्छा धरला.

आधी तिनं हेमराजला विणायला लावलं आणि स्वतः घोडीच्या पायाला हात लावून बसली. हेमराज वीण ठोकायचा हत्या मारायचा, तसा जमिनीतून धक्का यायचा, तिच्या तळहाताला लागायचा. मातीची जमीन, त्यात दोन खड्डे, धक्का तर येणारच. तिनं घोडी आणखी मागं नेली, पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घातले, मधल्या आकड्याला पिशवी टांगून तिच्यात चार विटा भरल्या.

“कॅमेऱ्याले बाळंतपण आलं का?” मी विचारलं. “पोट किती खाली आलं त्याचं.”

“वजन असलं की हालत नाही, आत्याबाई.”

“मंग तुले कायले बांधलं नाई त्याले? दिवसभर तूच तं हालत रायते.”

थरथर कमी झाली. पण गेली नाही. मग तिनं कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा काढला, पंख्याच्या वाऱ्यानं तो हेलकावत होता. पंखा बंद केला. हेमराज घामाघूम होऊन शिव्या देत विणायला लागला. मग तिच्या ध्यानात आलं की पुढच्या भिंगाची नळी वजनानं रोज कणभर खाली घसरते, तिच्याभोवती चिकटपट्टी गुंडाळली. कॅमेऱ्यात म्हणे हाताची थरथर सावरणारी एक कळ असते. घोडीवर ठेवल्यावर ती कळ चालू राहिली तर नसलेली थरथर सावरता सावरता कॅमेरा स्वतःच चित्र डोलवतो. तीही बंद केली. रोज बॅटरी काढताना धक्का लागायचा, म्हणून वायर लावून वीज दिली.

नवव्या दिवशी तिनं मला बोलावलं. पडद्यावर खांब आता खांबासारखा उभा होता. भिंत गप्प होती. हेमराज टुणटुण विणत होता. आणि मग, दिवस संपून दुसरा लागला त्या सांध्यावर, सारी खोली हळूच डावीकडे सरकली.

“पाहिलं?” तिनं कपाळाला हात लावला. “दिवसभर हूं नाही की चूं नाही. सकाळी पाहा तं सरकलेलं. आता काय राहिलं तपासायचं?”

मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. तिसऱ्यांदा. शाळेत मी तिसरीपर्यंत गेले, पण कापड कुठं बिघडलं ते मला लांबून कळतं.

“धक्क्यानं हाललेलं दोन्हीकडे हालते,” मी म्हटलं. “पुढं गेलं की मागं येते. हे रोज एकाच अंगाले चाललं. रोज सारखंच. बोटभर.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “मंग?”

“मंग काय? तुहा कॅमेरा, तुही पैज. मी कायले सांगू?”

खरं म्हणजे मलाही ठाऊक नव्हतं. आणि मला ठाऊक नाही अशी गोष्ट माझ्याच घरात रोज घडते, ह्याचा मला राग यायला लागला. भाकरी थापताना माझं मन तिथं. विहिरीवर गेले तरी तिथं. शेजारच्या मांजराला मी उगाच दोनदा हाणलं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी हर्षला म्हणाली, “उद्या मी कॅमेरा पहाटे पाचपासूनच चालू ठेवते. काय होते ते तोच सांगेल.”

अकराव्या दिवशी मी विचारलं, “काय सांगितलं तुह्या कॅमेऱ्यानं?”

“काही नाही,” ती म्हणाली. कांडी भरत होती. चरख्यावरून नजर उचलली नाही.

“काई नाई म्हंजे?”

“अंधारच होता, आत्याबाई. नीट आलं नाही काही. असू द्या आता. सडकेवरून ट्रक जातात, त्यानं होत असेल.”

त्यानंतर तिनं शोधणं सोडलं. कॅमेरा सकाळी आठला चालू, संध्याकाळी बंद. पहाटेची गोष्ट पुन्हा काढली नाही. खोली रोज सरकत होती आणि ती नुसती पाहत होती.

मला खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. पैज माझ्या पदरात पडत होती. पण मला चैन पडेना. लढता लढता हरलेलं माणूस मी पाहिलेलं आहे. हिनं मधेच हात खाली केले होते. “थकली का वो?” मी टोचून पाहिलं. “तुमसरची हवा संपली वाटते.” ती हसली फक्त. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

बाराव्या दिवशी, कोणी नाही पाहून, मी चुन्याची डबी घेतली आणि घोडीच्या तिन्ही पायांभोवती जमिनीवर बारीक ठिपके दिले. मांजर असेल, ट्रक असेल, जमीन खचत असेल, तर पाय ठिपक्यातून बाहेर येणार. तेराव्या दिवशी सकाळी वाकून पाहिलं. तिन्ही पाय जागच्या जागी. आणि हर्षलानं फोटो पळवले तर खोली पुन्हा बोटभर डावीकडे.

पाय हलत नाहीत आणि तोंड फिरतं. म्हणजे हात आहे कोणाचा तरी.

चौदाव्या दिवशी मी पाखरांच्याही आधी उठले आणि मागाच्या खोलीत सुताच्या टोपल्यांमागं जाऊन बसले. गुडघे कुरकुरत होते. मनात म्हटलं, हेमराज असला तर त्याला तिथंच चोपते. बायकोनं गावोगाव फिरावं हे त्यालाही नको असेल.

झुंजुमुंजू झालं आणि दार लोटून आमचे बुढे आत आले.

ते आधी आपल्या मागापाशी थांबले. लोंबत्या दोरीचं टोक उचलून आत खोचलं. मग कॅमेऱ्याकडे गेले, वाकले आणि त्या नळीच्या रोखानं एक डोळा मिटून पाहिलं, काठ सरळ आहे का पाहायचे तसं. उजवा हात वर केला. हात कापत होता. डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि कॅमेरा फिरवायच्या दांडीला लावलं.

“काय करून रायले जी?” मी म्हटलं.

दचकले नाहीत ते. हातही नाही काढला. “पाहून रायलो.”

“पाहून झालं असन तं हात काढा.”

त्यांनी हात काढला. माझ्याकडे वळले नाहीत.

“एकाच दिवशी फिरवला असता,” मी म्हटलं. “रोजचं बोटबोट कायले?”

“एकदम फिरवला असता तं दिसलं असतं ना.” ते विणकराच्या आवाजात बोलले, पोरांना शिकवायचे तसे. “कापडात खोट आली का एका जाग्यावर नाई सुधरवाची. दहा ओळींत वाटून द्याची. डोळ्याले समजत नाई.”

“कॅमेऱ्याले समजते.”

“हो. ते मले नाई समजलं.”

मी टोपल्यांमागून बाहेर आले. त्यांनी कॅमेऱ्याच्या तोंडाकडे बोट दाखवलं. “नागपूरले मोठ्या पडद्यावर लावतीन म्हणते. हेमराजचा माग चालू. अन् त्याच्या बाजूले माहा, मेलेला. का, तं चालता उठून दिसते. चादर टाकाले येत नाई, मी जित्ता आहो. उचलून ठेवाले येत नाई, जमिनीत गाडला आहे. मंग काय फिरवू मी? हेच फिरते.”

“पोरीले सांगाचं होतं.”

“काय सांगू? माहे हात गेले म्हणून?”

“तिले दिसत नाई का?”

“दिसनं वेगळं, वो. सांगनं वेगळं.”

मला गप्प करणारा माणूस जगात हा एकच. पण मीही सोडलं नाही. “अन् तिचा कॅमेरा माळ्यावर जाईन, त्याचं?”

आता ते वळले. “पैज तू लावली,” ते म्हणाले. “मी नाई.”

बाहेर कोंबडी खुराड्यात फडफडली.

“किती रायलं होतं?” शेवटी मी विचारलं.

“काय?”

“तुमचा माग पुरा भायेर जाले.”

त्यांनी पुन्हा एक डोळा मिटून अंदाज घेतला. “दोन बोटं.” मग धोतराला हात पुसले. “आजपासून नाई करत. जाऊ दे.”

त्याच दिवशी दुपारी बेबी आली. तिला घाई. लुगडं उतरायला अजून चार दिवस होते, पण आत्तापर्यंतचं तरी पाहू म्हणाली. हर्षलानं टाळाटाळ केली. बेबी ऐकते काय. कणकेच्या डब्यावर लॅपटॉप लागला. हेमराज मागावरून उठून आला. बुढे उंबऱ्यावर, नजर जमिनीला.

चौदा दिवस सव्वा मिनिटात गेले. सुरुवातीला ती थरथर, मग स्वच्छ, पण दर सांध्यावर खोली सरकते, सरकते, सरकते.

“अवो माय वो!” बेबी पोट धरून हसली. “हे घर पवनीले चाललं का? असा सिनेमा पाहून लोकायले चक्कर येईन! वहिनी, जिंकल्या तुम्ही. काय गा हेमराज, उतरव माळ्यावरची शिडी.”

“आत्या, चार दिवस आहेत अजून,” हेमराज म्हणाला.

“चार दिवसांत काय घर परत येते का? पोरी, सांग तूच. का सरकते हे? समजलं का तुले?”

हर्षलानं लॅपटॉप मिटला. “नाही समजलं जी, आत्या.”

“मंग पैज पैज आहे. आण ती पेटी.”

ती उठली. खरंच उठली. आतल्या खोलीत गेली आणि ती काळी पेटी घेऊन आली. खाली ठेवली, कड्या उघडल्या. आत पिवळं फडकं होतं, ते नीट अंथरलं, लेकराला निजवायचं असावं तसं. कॅमेऱ्याकडे वळली.

उंबऱ्यावरून बुढे खाकरले. “बेबी,” ते म्हणाले. “ऐक जरा. ते...”

त्यांचा हात उंबऱ्याच्या लाकडावर थडथडत होता. बेबीचं लक्ष तिकडे वळत होतं.

“मी सरकवला,” मी म्हटलं.

सारे माझ्याकडे पाहायला लागले.

“काय?” बेबी म्हणाली.

“बहिरी झाली का? कॅमेरा मी सरकवला. रोज पहाटे. बोटबोट.”

“आई, तू?” हेमराजचा आवाज चिरकला. “कायले पण?”

“कायले म्हंजे? पैज जिंकाची होती मले.”

मी हे मोठ्यानं बोलले. माझ्या कानांना माझाच आवाज ओळखू येईना. चाळीस वर्षं मी त्या घरात वावरले ती एका गोष्टीवर, की देवका सोनकुसरे टाकून बोलेल, तोडून बोलेल, पण खोटा व्यवहार करणार नाही. बेबीला हे मी किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नव्हती. आता तिची पाळी होती, आणि तिनं ती सोडली नाही.

“वाऽ वहिनी! जलमभर आम्हाले शिकवलं. सोनकुसऱ्याच्या घरी कपट चालत नाई म्हणे. अन् सुनेच्या मागं लपून चोट्टेपणा? ह्या वयात? सगळ्या भावकीले सांगते मी आता.”

“सांग,” मी म्हटलं. “चहा पेऊन जा अन् सांग. पैज मी हरली. कॅमेरा तिचा. ती कुठीही फिरन, मी तोंड नाई उघडणार. झालं?”

बुढ्यांकडे मी मुद्दाम पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते बोलले असते.

हेमराज मागावर जाऊन बसला आणि असा हत्या मारायला लागला की भिंतीजवळची घागर वाजली. बेबीनं चहा घेतला नाही. ती गेल्यावर मी चुलीपाशी जाऊन बसले. आग पेटलेली होती तरी फुंकत राहिले.

थोड्या वेळानं हर्षला आली. समोर बसली. माझ्या हातातली फुंकणी घेतली आणि बाजूला ठेवली.

“आत्याबाई,” ती हळू म्हणाली, “तुमचे हात कापत नाहीत.”

“म्हंजे?”

“त्या दिवशी पहाटे कॅमेरा चालू ठेवला होता ना. अंधार नव्हता. दोन फोटोंत भिंगापुढं मोजायला धरलेली बोटं आली होती कडेला. बाकी सारं स्वच्छ. खांब स्वच्छ, भिंत स्वच्छ. बोटं तेवढी पुसट. दोन्ही फोटोंत.”

लाकूड तडतडलं. मला तिच्याकडे पाहवेना, आणि न पाहताही राहवेना.

“तीन दिवस झाले तुले माहीत होऊन?”

“हो जी.”

“मंग बोलली काऊन नाई? पेटी उघडली होती तू आत्ता. फडकं अंथरलं होतं!”

“तुम्ही काऊन नाही बोललात?” ती म्हणाली.

मला कोणी उलट प्रश्न विचारलेला चालत नाही. त्या दिवशी चालला.

“कुठी आहेत ते फोटो?”

“पुसले. त्याच सकाळी.” मग तिनं खाली मान घातली. “मीच म्हटलं होतं ना, रिकामा आहे म्हणून बाजूचा उठून दिसते. त्यांच्यासमोर. मले नंतर समजलं, आत्याबाई. लय उशिरा समजलं.”

“कॅमेरा वळवून घ्याचा होता मंग, समजल्यावर.”

“वळवला असता तं त्यायले समजलं असतं, की मले समजलं.”

मी भाकरीचं पीठ पुढं ओढलं. हाताला काही तरी पाहिजे होतं. मळता मळता विचारलं, “आता तुह्या सिनेमाचं काय? ते सरकलेलं नीट होते का?”

“होते ना.” तिचा आवाज एकदम कामाचा झाला. “खांबाला दोन खिळे आहेत. प्रत्येक फोटोतले ते खिळे एकावर एक बसवायचे, कंप्युटरवर. मग खांब जागचा हालत नाही. पण फोटो मागं-पुढं सरकवले की कडा वेगवेगळ्या होतात. साऱ्या फोटोंत मिळून जेवढं सारखं आहे तेवढंच ठेवायचं. जे एका जरी फोटोत नाही, ते साऱ्यांतून कापून टाकावं लागते.”

मी मळायची थांबले. “डावीकडचं.”

“हो. डावीकडचं.”

“त्यायचा माग?”

“जवळजवळ सारा. थोडा राहते.” तिनं बोटं जुळवून दाखवली. “इतका.”

“दोन बोटं,” मी म्हटलं.

ती चमकली. “तुम्हाला कसं माहीत?”

“मोजणारा माणूस सांगून गेला.”

ती उठली, मागाच्या खोलीकडे गेली. हेमराजचा हत्या थांबला. “आता काय?” तो खेकसलेला मला ऐकू आला. ती म्हणाली, “काही नाही. तुम्ही विणा.” कॅमेऱ्याची दांडी सैल केल्याची कुरकुर ऐकू आली, आणि पुन्हा घट्ट आवळल्याची.

हेमराज माझ्याशी लुगडं उतरेपर्यंत बोलला नाही. बेबीनं साऱ्या भावकीत सांगितलं ते सांगितलंच. अजूनही लग्नाकार्यात कोणी तरी माझ्याकडे पाहून पैज लावायची भाषा काढतं आणि बायका पदरात हसतात. हसू देत. सिनेमा नागपूरला लागला. हर्षला त्यानंतर चार गावं फिरली, आणि त्यानंतरची मी मोजली नाहीत.

पण मी सांगत होते ते त्या चौदाव्या दिवसाचं, आणि ते खरं संपलं पंधराव्या दिवशी सकाळी. बुढे नेहमीसारखे उठून मागाच्या खोलीत गेले. मी चहाचं आधण ठेवलं होतं, हर्षला कप पुसत होती. आम्ही दोघी कान देऊन बसलो. आत काही वाजलं नाही. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले आणि पाटावर बसले.

“सुनबाई,” ते म्हणाले, “तुही मशीन हालली वाटते.”

“हो जी, मामाजी.”

“मंग? पुन्हा होती तिथी आणशीन का?”

“नाही जी. आता आहे तिथंच बरी दिसते.”

तिनं बशी पुढं केली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली, उचलली. चहा हिंदकळला, काठावरून धोतरावर सांडला. आम्ही दोघी चुलीकडे पाहत होतो.